तीन फूट मोकळी जागा

अक्का येणार असल्याचा फोन आला तेव्हा जपूनराव स्वयंपाकघरात गॅसची नळी वाकवून बघत होते. नळीला चीर गेली आहे का, हे ते दर रविवारी बघत. चीर आजवर एकदाही सापडली नव्हती, त्यामुळे येत्या एखाद्या रविवारी ती सापडणारच, अशी त्यांची खात्री होत चालली होती.

"अक्का येतायत," बायको फोनवर हात ठेवून म्हणाली. "हिवाळाभर राहीन म्हणतायत. जमलं तर कायमच्याच. पण एक अट आहे."

"कसली?"

"खोली गरम हवी. मागच्यासारखं कुडकुडायला लावलंत तर तिसऱ्या दिवशी परत जाईन, आणि मग पुन्हा बोलवायचं नाही, असं म्हणतायत."

जपूनरावांनी नळी सोडली. मागच्या हिवाळ्यात अक्का खरोखरच तिसऱ्या दिवशी गेली होती. 'माझी झाडं वाळतील रे' असे म्हणाली होती. पण भर थंडीत झाडे कशी वाळतील, हे विचारण्याची हिंमत कुणाला झाली नव्हती. अक्का त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा जपूनराव सात वर्षांचे होते आणि अक्का एकोणीस वर्षांची. तिने त्यांचे दप्तर भरले, तापात उशाशी बसली, परीक्षेच्या दिवशी पहाटे उठवले, त्यांचे लग्न लावून दिले, आणि मग आपल्या दोन खोल्यांत एकटी राहिली. आता तिचे गुडघे दुखत होते आणि पहिल्यांदाच ती काही मागत होती. तेही काय, तर ऊब. एवढी साधी गोष्ट आपण देऊ शकलो नाही, याचे जपूनरावांना वर्षभर वाईट वाटत होते.

"सांग तिला," ते म्हणाले, "हीटर घेतोय. सुरक्षित हीटर."

या 'सुरक्षित' शब्दातच पुढच्या साऱ्या रामायणाचे मूळ होते.

जपूनराव विमा कंपनीत सर्व्हेअर होते. जळालेल्या घरात जायचे, राख चिवडायची, घरच्यांना प्रश्न विचारायचे आणि अहवालात 'कारण' या रकान्यात आगीचे कारण लिहायचे, हे काम ते बावीस वर्षे करत होते. त्या रकान्यात ते बहुतेक वेळा एकच शब्द लिहीत: 'निष्काळजीपणा'. निघताना घरच्या माणसांना ते गंभीरपणे 'जपून' म्हणत. ज्यांच्याकडे जपण्यासारखे काही उरलेले नसे, त्यांनाही म्हणत. त्यावरून ऑफिसने त्यांना जपूनराव केले. सुरुवातीला ते नाव त्यांना कौतुकाचे वाटले होते. त्यातली कोपरखळी कळायला दोन वर्षे लागली, आणि तोवर नाव पक्के झाले होते.

घरच्यांना विचारायचे अकरा प्रश्न त्यांनी स्वतः तयार केले होते आणि सगळे ऑफिस तेच वापरत असे. अकरावा प्रश्न त्यांचा विशेष लाडका: 'पुन्हा असे घडू नये म्हणून घरात कोणती उपाययोजना केली?' याचे उत्तर आल्याखेरीज कागद पुढे सरकत नसे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. जपूनरावांचे तोंड कधीच पोळले नव्हते. दुसऱ्यांची पोळलेली तोंडे बघून ते पाणीसुद्धा फुंकून पीत.

हीटर घेण्यापूर्वी त्यांनी सात पानांचा तक्ता केला. खोली किती, वॅट किती लागतील, उष्णतेवर लक्ष ठेवणारे बटण आहे की नाही, हीटर आडवा पडला तर आपोआप बंद होतो की नाही. मग तो तक्ता काखेत मारून ते दुकानात गेले.

दुकानदाराने उत्साहाने एक लाल तारांचा हीटर पुढे केला. "हा घ्या साहेब. दोन मिनिटांत खोली तापते."

"याच्यावर एका शिक्षकांच्या घरी ओला टॉवेल वाळत घातला होता," जपूनराव म्हणाले. "टॉवेल वाळला. मग पलंग गेला. मग छत."

शेजारी दोन बाया हाच हीटर बघत होत्या. त्यांनी तो अलगद खाली ठेवला.

"मग हा पंख्याचा घ्या. गरम वारा फेकतो."

"पलंगाखालची धूळ ओढून घेतो. एका शिंप्याच्या दुकानात कापडाचे धागे ओढले त्यानं. एकवीस शर्ट होते शिवायला आलेले."

एक आजोबा पैसे द्यायला गल्ल्यापाशी उभे होते. त्यांनी पाकीट परत खिशात घातले.

"साहेब, जरा हळू बोला ना," दुकानदार काकुळतीला आला. "सीझन आहे माझा."

"मी माहिती देतोय."

"तीच देऊ नका!" दुकानदार आत गेला आणि एक धुळीने माखलेले खोके घेऊन आला. "हे बघा. आत तेल आहे, बाहेर तार नाही, जाळ नाही. पडला तर बंद. तिरका झाला तर बंद. जास्त तापला तर बंद. समोर तीन फुटांत काही आलं तरी बंद. तीन वर्षं पडून आहे, कुणी घेत नाही. हा तुमच्यासाठीच केलाय."

जपूनरावांनी तक्त्याशी ताडून बघितले. सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण झाली. 'लवकर तापतो का' हा रकाना तक्त्यात नव्हताच.

वायरमन येऊन अक्काच्या खोलीत मोठा सॉकेट बसवून गेला. जाताना म्हणाला, "साहेब, हा आणि गिझर एकदम लावू नका. मेन स्विच पडेल." जपूनरावांनी तिथल्या तिथे सूचना लिहून गिझरवर चिकटवली: 'हीटर चालू असताना गिझर लावू नये. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, हे घरात कुणी विचारले नाही.

आता प्रश्न आला तीन फुटांचा. अक्काची खोली दहा बाय दहा. त्यात पलंग, कपाट, टेबल, खुर्ची आणि जाजम. हीटर जिथे ठेवावा तिथे तीन फुटांत काही ना काही येई आणि हीटर 'टुंई' असा आवाज करून बंद पडे. जपूनरावांनी आधी टेबल बाहेर काढले. मग जाजम गुंडाळून माळ्यावर टाकले. मग खिडकीचे जाड पडदे उतरवून कोपऱ्यातल्या खुर्चीवर रचून ठेवले. शेवटी दोन हमाल बोलावून कपाट बोळात नेले. बोळ अरुंद होता. कपाट तिथे असे बसले, की जणू घर त्याच्याभोवती बांधले असावे.

"पडदे काढलेत, जाजम काढलंत," बायको दारात उभी राहून म्हणाली. "खोली आधीपेक्षा जास्त गार वाटतेय."

"पण सुरक्षित आहे."

"स्मशानही सुरक्षितच असतं. तिथं चोऱ्या होत नाहीत."

मग लक्षात आले, की खोलीची फरशी किंचित उतरती आहे. गेली सोळा वर्षे हे कुणाला कळले नव्हते. हीटरला पहिल्या मिनिटात कळले. टुंई. जपूनरावांनी त्याच्या पायाखाली घडी करून कागद सरकवला, कागद पेट घेऊ शकतो हे आठवून तो काढला आणि फरशीचा तुकडा ठेवला. त्यानंतर हीटर चालू राहिला. फक्त खोलीत कुणी पाय आपटून चालायचे नाही.

अक्का आली. तिने खोलीभर नजर फिरवली. मधोमध एक पलंग, तीन फुटांवर हीटर, कोपऱ्यात पडद्यांनी भरलेली खुर्ची, बाकी उघड्या भिंती.

"ऑपरेशन कुणाचं आहे रे?" तिने विचारले.

तिने बॅग आत नेली नाही. दारापाशीच ठेवली.

संध्याकाळी त्यांनी हीटर लावला आणि अक्काला नियम सांगितले. शाल लोंबती ठेवायची नाही. पाय पुढे करायचे नाहीत. माणूस खोलीत नसेल तर हीटर बंद. माणूस झोपला तरी हीटर बंद.

"म्हणजे मी जागी असले, सरळ बसले, आणि तुझ्या त्या डब्यापासून लांब राहिले, तर मला ऊब मिळणार."

"तासाभरानं."

"आणि झोपले की नाही."

"झोपेत माणसाचं लक्ष नसतं ना अक्का."

"बाळ्या," अक्का म्हणाली, "थंडी लक्ष ठेवूनच असते रे."

घरात बावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारी एवढी एकच व्यक्ती उरली होती. सकाळी ती दोन स्वेटर, एक शाल आणि कानटोपी घालून चहाला आली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने सहज विचारावे तसे विचारले, "सकाळची अकराची बस अजून असते का रे?"

सात पाने, एक वायरमन, दोन हमाल आणि एक जुना हुशार हीटर, एवढा खटाटोप करून तिसरा दिवस पुन्हा तिथेच आला होता. जपूनरावांच्या मनात अहवालाची भाषा सुरू झाली, जशी ती नेहमी वाईट प्रसंगी होत असे: 'सदर इसमाने बहिणीस घालवण्याची सर्व तयारी स्वतःच केल्याचे दिसून येते.'

त्या संध्याकाळी त्यांनी ठरवले, की आता हात आखडायचा नाही. बायको भाजीला गेली होती. त्यांनी हीटरचे बटण शेवटपर्यंत फिरवले. तरीही अक्का गुडघे चोळत बसलेली बघून त्यांना गलबलून आले. ते धावत न्हाणीघरात गेले, गिझर लावला, घमेलेभर कढत पाणी आणून तिच्या पायांशी ठेवले आणि म्हणाले, "पाय बुडव. अजून एक घमेलं आणतो, पाणी तापतंय."

अक्काने पाय बुडवले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा डोळे मिटून "आहा" म्हणाली.

त्याच क्षणी घरात अंधार झाला.

गिझरवर चिकटवलेली सूचना त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती आणि स्वतःच्या हाताने बाजूला सारून बटण दाबले होते. दोन्हींचा भार काही मिनिटे सोसून मेन स्विच पडला होता. तो वर करायला अर्धे मिनिट पुरले असते. पण स्विचची पेटी बोळात होती, आणि तिच्यासमोर कपाट होते.

"टॉर्च काढ ना," अक्का अंधारातून म्हणाली.

टॉर्च होता. सेल फुटून आत गळू नयेत म्हणून जपूनरावांनी ते काढून वेगळे ठेवले होते. कुठे, ते टॉर्च लागला असता तर दिसले असते. मोबाइल होता, पण डोळ्यांदेखत असल्याशिवाय तो चार्जिंगला लावायचा नाही हा त्यांचा नियम होता, आणि दोन दिवस त्यांचे डोळे हीटरवर खिळलेले होते. मोबाइलने दुपारीच मान टाकली होती. अक्काच्या फोनला बटणे होती, दिवा नव्हता.

शेवटी त्यांनी मेणबत्ती शोधली. ती बशीत उभी केली, बशीत पाणी ओतले आणि बशी उघड्या फरशीवर ठेवली. इथवर सगळे नियमात होते. मग 'वीजपुरवठा खंडित झाल्यास' काय करावे, हे बघायला त्यांनी हीटरबरोबर आलेले माहितीपत्रक काढले.

"अरे, त्यात काय वाचायचं? वीज गेलीय, एवढंच."

"पद्धत असते अक्का."

माहितीपत्रक घडीचे होते. एक घडी उघडली तर परकी भाषा. दुसरी उघडली तर दुसरी परकी भाषा. मराठी सर्वांत आतल्या घडीत होती. जपूनराव उघडत गेले. कागद चादरीएवढा झाला, आणि त्याचे खालचे टोक मेणबत्तीवर टेकले. 'घ्यावयाची काळजी' हा मजकूर एकदम फार स्पष्ट दिसू लागला.

पेटलेला कागद कधीही झटकू नये, हे जपूनरावांनी शंभर व्याख्यानांत सांगितले होते. त्यांनी तो जोरात झटकला. कागद खुर्चीवर रचलेल्या पडद्यांवर जाऊन पडला, आणि तीन फुटांच्या नियमामुळे जे पडदे खिडकीतून उतरवले होते त्यांनी भुर्रकन पेट घेतला.

"अक्का, जपून!" जपूनराव ओरडले आणि आग विझवायच्या नळकांड्याकडे धावले. नळकांडे बोळात, स्विचच्या पेटीशेजारी टांगलेले होते. त्यांनी कपाट आणि भिंत यांच्या फटीत हात घातला. बोटांची टोके नळकांड्याला लागली. खूप थंड होते.

ते परत आले तेव्हा अक्का घमेल्यातून पाय काढून उभी होती आणि घमेले तिच्या हातात होते.

"पाणी नको! आधी वीज बंद—"

"वीज गेलीय रे मेल्या!" अक्का म्हणाली आणि तिने घमेले रिकामे केले.

फस्स असा आवाज झाला. मेणबत्तीही गेली. काळोखात धुराचा वास पसरला.

"काही म्हण," अक्काचा आवाज आला, "आत्ता जरा ऊब आली होती."

जपूनराव ओल्या फरशीवर बसून राहिले. बावीस वर्षे दुसऱ्यांच्या राखेत वावरताना त्यांना कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली, कारण आग अक्कापासून बरोबर तीन फुटांवर होती.

बायको भाजीच्या पिशव्या घेऊन आली. "काय जळलं?"

"पडदे."

"ते तर काढून ठेवले होते ना?"

"तेच."

पडद्यांबरोबर खुर्ची आणि गादीचे एक टोकही गेले होते. रात्री बायकोने कपाटामागच्या फटीत काठी घालून मेन स्विच वर केला. सकाळी बायकोने सरळ विमा कंपनीला फोन लावला. जपूनराव आडवे आले. "अगं, माझंच ऑफिस आहे ते!"

"लोकांची राख चिवडता, मग आपली दाखवायला लाज कसली?"

स्वतःच्या घराची तपासणी स्वतः करायची नाही, हा नियमही जपूनरावांचाच. त्यामुळे दहा वाजता ऑफिसातली धाकटी सर्व्हेअर आली. तिला काम जपूनरावांनीच शिकवले होते. तिने खोली बघितली, खुर्चीचा सांगाडा बघितला, बोळातल्या कपाटामागून डोकावणारे नळकांडे बघितले आणि चेहरा अगदी कोरा ठेवला. चेहरा कोरा ठेवायलाही त्यांनीच शिकवले होते. अक्का दारात बॅगेवर बसली होती. अकराच्या बसला अजून वेळ होता.

"सर, प्रश्न विचारावे लागतील. अकराच्या अकरा."

"विचार."

"आग लागली तेव्हा आपण काय करत होता?"

"वाचत होतो."

"काय?"

जपूनरावांनी घसा साफ केला. "हीटर वापरताना घ्यायची काळजी."

तिने लिहिले. लिहिताना तिचा पेन जरा हलला. "हीटर चालू होता?"

"बंद होता. तो बहुतेक बंदच असतो."

"आग विझवायचं साधन घरात होतं?"

"होतं. थंड होतं."

"सर?"

"म्हणजे हात पुरला नाही."

प्रश्न पुढे सरकत गेले आणि जपूनरावांना कळून चुकले, की हे मेले प्रश्न किती टोचतात. बावीस वर्षांत कित्येक माणसे त्यांच्यासमोर अशीच उभी राहिली होती; जळक्या वासात, मान खाली घालून. आणि आपण वर त्यांना 'जपून' म्हणायचो. त्यांना मनापासून शरम वाटली.

"दहावा. कारण काय लिहू?" तिने हळूच विचारले. "शॉर्टसर्किट लिहू का सर?"

"नको. निष्काळजीपणा लिही," जपूनराव म्हणाले. "आणि अक्षर नीट काढ."

तिने नीट अक्षरात लिहिले. "अकरावा. पुन्हा असं घडू नये म्हणून घरात कोणती उपाययोजना केली?"

जपूनरावांनी तोंड उघडले. सात पाने, तक्ता, वायरमन, फरशीचा तुकडा, सगळे डोळ्यांपुढून गेले. उपाययोजना होत्या म्हणून तर आग लागली होती. बावीस वर्षांत लोक या प्रश्नाला का अडतात ते त्यांना समजत नसे. आज ते स्वतः अडले.

"काही नाही," ते पुटपुटले. "माझ्याकडे काहीच नाही."

"लिही गं," दारातून अक्का म्हणाली. "लिही, थोरली बहीण राहायला आली."

सर्व्हेअरने मान वर केली. जपूनरावांनीही केली.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी म्हणत होते, ऊब मिळाली तर राहीन. पण याला असा मोकळा सोडून गेले तर हा घराचा कोळसा करील. सात वर्षांचा होता तेव्हाही असाच. पोहायला जायचा आणि बुडायला नको म्हणून काठावरच अंघोळ करून यायचा. एकदा काठावरूनच घसरून पडला." ती बॅगेकडे बघत म्हणाली, "उचल ती, बाळ्या. आणि त्या हमालांना बोलाव. कपाट बाहेरच्या भिंतीला लाव म्हणजे गारठा अडेल. जाजम काढ माळ्यावरचं. खिडकीला माझी घोंगडी टांगू. एवढं केलंस ना, की तुझा तो डबा निजायच्या आधी अर्धा तास लावला तरी पुरे."

हे सगळे इतके साधे होते, की तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. जपूनरावांनी बॅग उचलली. जड होती. आत हिवाळाभराचे कपडे होते; म्हणजे ती आली होती ती राहायच्याच तयारीने. हे कळल्यावर त्यांचे डोळे भरून आले, आणि धुराने चुरचुरताहेत असे दाखवत त्यांनी ते पुसले.

सर्व्हेअरने अकराव्या प्रश्नापुढे अक्काचे वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि फाइल मिटली. ती पायऱ्यांकडे वळली तेव्हा जपूनराव सवयीने काही म्हणणार होते. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"नीट जा गं," अक्काच म्हणाली. "पुढच्या वेळी चहाला ये. कामाला नको."

आत जाऊन जपूनरावांनी हीटर लावला आणि बॅग खाली ठेवली. ती हीटरसमोर तीन फुटांच्या आत आली, आणि हीटर टुंई करून बंद पडला. अक्काने तिकडे बघितलेसुद्धा नाही. ती बॅगेतून घोंगडी काढत होती.